अर्धी राहिलेली प्रार्थना

आमच्या घरात गरम जेवण असं कुणी फारसं जेवलंच नाही. आई स्वयंपाक वेळेवर करायची, साडेसातच्या ठोक्याला ताटंही मांडायची; पण ताट आणि पहिला घास यांच्या मधोमध पप्पांची प्रार्थना उभी असायची. पप्पा स्वारगेटच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर काचेच्या खिडकीमागे बसून, तोंडापाशी माइक धरून, कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते साऱ्या जगाला सांगायचे. घरी येऊन टोपी खुंटीला लावली तरी तो आवाज काही खुंटीला लागत नसे. "हे दयाळू स्वर्गीय पित्या," अशी सुरुवात झाली की देवाने आता आपलं सामान उचलून फलाटावर यावं असं वाटायचं. चर्चच्या मंडळीतल्या आजारी माणसांची नावं ते कधी कागदावर लिहीत नसत. सगळी यादी तोंडपाठ, आणि तीही थांब्यांच्या क्रमाने. आधी आमच्या गुलटेकडीतले आजारी, मग सॅलिसबरी पार्कातले, मग भवानी पेठ, नाना पेठ, पुढे घोरपडी आणि शेवटी खडकी. खडकीच्या पलीकडे आमच्या मंडळीचं कुणी राहत नव्हतं, म्हणून खडकी आली की आई डोळे मिटलेले असतानाच स्टोव्हकडे सरकायची. एकदा त्यांनी स्टँडवरच्या एका लंगड्या कुत्र्यासाठीही प्रार्थना केली होती. त्या दिवशी डाळ दोनदा गरम करावी लागली.

आमचं घर मार्केट यार्डाच्या मागे, बैठ्या घरांच्या ओळीत होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर पप्पांची सायकल. पहाटेपासून ट्रक मागे घेणाऱ्यांच्या "येऊ द्या, येऊ द्या, बास" अशा आरोळ्या ऐकू यायच्या, आणि वारा यार्डाकडून असला की कपडे, उशा, बायबल, सगळ्यांना कांद्याचा वास यायचा. रविवारी मात्र मटणाचा वास त्याच्यावर मात करायचा. उपासनेला जाताना आई मटण मंद आचेवर ठेवून जायची, आणि प्रवचन लांबलं की तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, अजूनही म्हणतो. पप्पा त्या देवळात पंच होते, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या सातजणांपैकी एक. त्याखेरीज वर्षातून दोनदा ते झांजा घेऊन कीर्तनातही उभे राहायचे. तेव्हा त्यांची दाद मिळवण्याची हौस आणि सुराशी असलेलं भांडण, दोन्ही एकदम दिसायचं.

घरात चौथं माणूस म्हणजे सरलाआत्या. पप्पांची मोठी बहीण. पप्पा तिला अक्का म्हणायचे आणि तिच्यापुढे जरा जपून बोलायचे, कारण लहानपणी तिने त्यांना बदडलेलं होतं आणि त्याची आठवण ती अधूनमधून करून द्यायची. तिने लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाली तेव्हा एक पत्र्याची ट्रंक, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि दुखरे गुडघे घेऊन आमच्याकडे राहायला आली आणि माझ्या खोलीतला अर्धा भाग तिचा झाला. निवृत्ती म्हणायची तेवढीच. मंडळीत कुणाला इंजेक्शन द्यायचं असो, कुणाचं बाळंतपण अडलेलं असो, कुणी गेलं म्हणून अंघोळ घालायची असो, निरोप आत्याला. गुडघे चोळत ती निघायची. पप्पांच्या यादीतली निम्मी नावं तिनेच आणलेली असायची. जेवायला बसताना ती हळूच सांगायची, "घोरपडीच्या रेबेकाबाईंना कावीळ झालीय," आणि पप्पा मान हलवायचे. मग प्रार्थनेत घोरपडी आली की रेबेकाबाई बरोबर चढलेल्या असायच्या.

मी अकरावीत होते त्या वर्षी आत्याच्या अंगाला चंदनाचा वास येऊ लागला. दर शनिवारी दुपारी ती छत्री घेऊन निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. परत येताना कांद्याच्या आमच्या घरात तो चंदनाचा वास असा शिरायचा की आई पोळी लाटता लाटता थांबायची. आत्या गुणगुणायची. आत्या गुणगुणते हे आम्हाला माहीतच नव्हतं. मग एका रविवारी माझ्या पुस्तकांच्या फळीवर एक तसबीर दिसली. राम, कृष्ण, बुद्ध, महावीर ओळीने बसलेले, सगळे मांडी घालून, सगळ्यांचे डोळे मिटलेले. उरलेल्या जागेत इतर धर्मांची चिन्हं. आणि उजव्या टोकाला, तशीच मांडी घालून, मांडीवर हात ठेवून, येशू. सगळ्यांच्या डोक्यामागे एकच सामाईक सूर्य होता. पप्पा माझं कंपासपेटीतलं कर्कटक मागायला आत आले आणि तसबिरीपुढे उभेच राहिले.

"येशूला पद्मासन कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"तो तरी जन्मभर खुर्चीवर बसला होता का रे?" आत्या म्हणाली.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण हळूहळू सगळं बाहेर आलं. बिबवेवाडीच्या एका बंगल्यात विश्वस्नेह साधना केंद्र म्हणून काही निघालं होतं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई ते चालवायच्या. त्यांना सगळे दीदी म्हणायचे. आत्याने कुणाच्या तरी आईला तिथे इंजेक्शन द्यायला म्हणून पाऊल टाकलं होतं, आणि मग ती जातच राहिली. सगळे धर्म एकच, नावं वेगवेगळी, सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी पोचतात, असं तिथे सांगत. ते ऐकून पप्पांचा नियंत्रक जागा झाला. "अक्का, वीस वर्षं गाड्या सोडतोय मी स्वारगेटहून," ते म्हणाले. "साताऱ्याच्या गाडीत बसलेला माणूस सोलापूरला उतरलेला मी अजून बघितला नाही. सगळे रस्ते एकाच ठिकाणी जात असते तर मला पगार कशाचा देतात?"

आई तोवर गप्प होती. आईचं गप्प बसणं म्हणजे ती तयारी करत असायची. "अहो," ती म्हणाली, "नाताळाला करंज्या आणि अनारसे करते ते मी कुठून आणले? माझ्या गळ्यात काळे मणी आहेत आणि त्यात क्रूस आहे, ते काय आहे? आणि आपण झांजा घेऊन देवळात उड्या मारता, ते विलायतेहून आलंय का?" पप्पा "उड्या" या शब्दाने दुखावले, पण उत्तर त्यांच्यापाशी होतं. "ते सगळं आपण आणून त्याच्या पायाशी ठेवलंय. करंज्या त्याच्यासाठी, झांजा त्याच्यासाठी. हे लोक उलट त्यालाच उचलून दुसऱ्यांच्या रांगेत बसवतायत. रामभक्ताने रामाला भजावं, मी कोण अडवणार? शेजारच्या काकूंच्या पूजेचा प्रसाद मी कधी नाकारलाय? पण सगळ्यांची खिचडी करून कुणाचीच चव राहत नाही." हा फरक मला तेव्हा नीट कळला नाही. आज कळतो असं वाटतं, आणि एखाद्या दिवशी पुन्हा कळेनासा होतो. माझी लेक शेरॉन खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्या फ्लॅटमध्ये पितळेची एक तिबेटी वाटी आहे, लाकडी दांडीने ती घुमवायची आणि ताण घालवायचा. "मम्मा, इट्स नॉट रिलिजस, जस्ट व्हायब्रेशन्स आहेत," ती मला समजावते. मी म्हणते, वाजव बाई. त्या वाटीचा आवाज मी कुठे पहिल्यांदा ऐकला हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पप्पांची खरी अडचण वेगळी होती. वर्षभरापूर्वी मंडळीतल्या एका कुटुंबाने कुठल्याशा देवीला नवस फेडला होता, तेव्हा पंचांनी त्या घराला सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळी मंडळी पुढे जाऊन गुडघे टेकते, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घेते. ज्याला तिथे जाता येत नाही तो मागच्या बाकावर एकटा बसून राहतो आणि सगळे त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करतात. दुसऱ्या उपासनास्थळी जाणाऱ्याला प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येऊ देऊ नये, हा ठराव मांडला होता पप्पांनीच. आता आत्या जिथे जात होती ते उपासनास्थळ नाही असं म्हणणं फारच कठीण होतं, तसबिरीत एवढी मंडळी बसलेली असताना. पंच म्हणून हे सांगणं त्यांचं काम होतं. सांगितलं तर पस्तीस वर्षं लोकांच्या उशापायथ्याशी बसलेली त्यांची बहीण मागच्या बाकावर बसणार होती. न सांगितलं तर दुसऱ्याच्या घराला एक नियम आणि आपल्या घराला दुसरा, असं होणार होतं. पप्पांना दोन्ही झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून पुढच्या पहिल्या रविवारच्या आत, बोभाटा न होता, अक्काला तिथून परत आणायचं असं त्यांनी ठरवलं, आणि त्या कामी मला हेर नेमलं.

आत्याबरोबर मी दोन शनिवार गेले, पण हेर म्हणून अगदी कुचकामी निघाले, कारण मला तिथे फार आवडलं. पांढऱ्या गाद्या, पांढरे पडदे, समोरच्या भिंतीवर तीच सामाईक सूर्याची तसबीर, पण मोठी, आणि कुठे कांद्याचा मागमूस नाही. दीदींच्या कानात मोत्याच्या कुड्या आणि आवाज असा की आवर्त सारणीसुद्धा त्यांनी अंगाईसारखी शिकवली असेल. आधी सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं, मग ज्याला बोलायचं त्याने तीन मिनिटं बोलायचं. तीन मिनिटं झाली की दीदी मांडीवरच्या पितळी वाटीवर दांडी मारायच्या आणि टण्ण असा आवाज खोलीभर घुमत राहायचा. कितीही मोठा माणूस असो, वाटी वाजली की तोंड बंद. शेवटी मुगाची खिचडी, वर साजूक तूप, आणि ती गरम असायची. आत्या गुडघ्यांमुळे गादीवर न बसता मागे भिंतीपाशी खुर्चीवर बसायची. दीदी दर शनिवारी तिच्यापाशी जायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, "सरलाताई, आज आपण कशा आहात?" आत्या काहीतरी दोन वाक्यं सांगायची, गुडघ्याचं, झोपेचं. बस्स, एवढंच. मी घरी येऊन सगळं सांगितलं, खिचडीसकट. पप्पा उखडले. "कशा आहात हे विचारायला बंगला कशाला लागतो?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपण विचारलंय का कधी?" पप्पांनी त्यावर सायकलच्या चाकात हवा आहे की नाही ते बघायला जाणं पसंत केलं.

तिसऱ्या शनिवारी ते स्वतः निघाले. एखादं सरकारी काम पार पाडायचं अशा थाटात, रविवारचा कोट घालून. आत्या पुढे, मधे मी, मागे पप्पा. दारातच त्यांनी दीदींना नमस्कार केला आणि अगदी पुणेरी सौजन्याने म्हणाले, "बाई, आपलं म्हणणं मला कळलंय. सगळं एकच आहे. मग माझी बहीण इथे बसली काय आणि घरी बसली काय, आपली काही हरकत नसावी." मला वाटलं, जिंकलं. पण दीदी हसल्या. "काहीच हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त त्या इथे कशासाठी येतात ते आपण त्यांना विचारा. आणि आलाच आहात तर आपल्या पद्धतीने चार शब्द प्रार्थना करा ना."

आता इथे पप्पांचा स्वभाव, किंवा आमच्या सगळ्या जमातीचाच स्वभाव, आडवा आला. आमच्यातल्या माणसाला रस्त्यात थांबवून "प्रार्थना करा" म्हटलं तर तो पिशवी खाली ठेवतो आणि डोळे मिटतो. नाही म्हणणं ठाऊकच नसतं. वादाला म्हणून आलेले पप्पा त्या सामाईक सूर्याच्या तसबिरीसमोर उभे राहिले, हात वर केले आणि त्यांच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं, "हे दयाळू स्वर्गीय पित्या." एकदा गाडी सुटली की सुटली. गुलटेकडी झाली, सॅलिसबरी पार्क झालं. भवानी पेठेतल्या म्हाताऱ्या शांतवनकाकांचा मोतीबिंदू, नाना पेठेतल्या मुलाची दहावी, रेबेकाबाईंची उतरत आलेली कावीळ. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती. पण दीदींनी वाटी वाजवली नाही, कारण गादीवरची माणसं रडत होती. ती माणसं महिनोन्महिने प्रकाश, ऊर्जा, विश्व असले मोठे मोठे शब्द ऐकत होती; कुणाच्या मोतीबिंदूसाठी देवाला नावानिशी साकडं घातलेलं त्यांनी बहुधा ऐकलंच नव्हतं. मी डोळे किलकिले करून बघत होते. घोरपडी झाली, खडकी झाली. खडकीनंतर शेवटचं वाक्य यायला हवं होतं, हे सर्व येशूच्या नावाने मागतो, आमेन. ते आलं नाही. पप्पा थांबले. मग ध्वनिक्षेपकाचा तो आवाज एकदम बसला आणि ते म्हणाले, "आणि प्रभो, माझी बहीण सरला. मी तिच्यासाठी कधी मागितलंच नाही रे. तिचे गुडघे दुखतात. ती एकटी..." मागून कुणाच्या तरी हुंदक्याचा आवाज आला. दीदींनाही भरून आलं असावं, त्यांच्या मांडीवरची दांडी निसटली आणि वाटीवर पडली. टण्ण. पप्पांनी डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, आणि थांब्यावर चुकून उतरलेल्या माणसासारखे खाली बसले.

घरापाशी आल्यावर पप्पांनी मला बाजूला घेतलं. "रूथ, मी शेवट केला होता का गं? येशूच्या नावाने असं म्हटलं होतं का?" हे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे त्या चार शब्दांशिवाय प्रार्थना म्हणजे पत्ता न घालता पेटीत टाकलेलं पत्र. त्यातून ती त्या तसबिरीपुढे केलेली. ती मग नेमकी कुणाकडे गेली असती? पप्पांचा चेहरा इतका उतरला होता की मी म्हटलं, "हो पप्पा, म्हटलंत की." आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या आहेत, पण इतकी साळसूद थाप दुसरी नसेल. ते त्या दिवशी निर्धास्त जेवले.

पुढच्याच रविवारी सकाळी, वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुलाबी पत्रक ओट्यावर पडलं. विश्वस्नेह केंद्राचं. दीदींच्या कुणी उत्साही शिष्याने फोटो काढला होता. हात वर केलेले, डोळे मिटलेले पप्पा, त्यांच्या डोक्यामागे बरोबर तो सामाईक सूर्य, खाली ठळक अक्षरांत, "केंद्रात ख्रिस्ती धर्मगुरूंची हृदयस्पर्शी प्रार्थना." आमच्या भागातल्या प्रत्येक घरी तेच वर्तमानपत्र यायचं. उपासनेला जाताना पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या खऱ्या धर्मगुरूंच्या, खिशातूनही गुलाबी कोपरा डोकावत होता. त्या दिवशी प्रवचन मुळीच लांबलं नाही, आणि उपासनेनंतर पंचांची सभा देवळाच्या मागच्या खोलीत बसली. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं.

थोरात गुरुजी पंचांमध्ये सर्वांत ज्येष्ठ, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पत्रक वाचून दाखवलं, तेही विरामचिन्हांसकट. "प्रभाकरराव," ते म्हणाले, "गेल्या वर्षी ठराव आपणच मांडला होता. आता आपण स्वतःच तिथे. प्रश्न एकच आहे. प्रार्थना कुणाच्या नावाने केलीत?" पप्पा ताठ बसले. "येशूच्या. माझी मुलगी तिथे होती, तिला विचारा." आणि मला बोलावणं आलं. मी बाहेर नळापाशी घागर विसळत असल्याचं सोंग करत होते. आत गेले तेव्हा सातही जण माझ्याकडे बघत होते, आणि पप्पा तर पूर्ण विश्वासाने. एक "हो" म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पप्पांचं पंचपद राहिलं असतं, आत्याचा विषय निघाला नसता. मी तोंड उघडलं, आणि मला रडूच फुटलं. "नाही," मी म्हटलं. "पप्पांनी शेवट केला नाही. वाटी वाजली. मी घरी खोटं सांगितलं."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं. थोरात गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. तेव्हा दाराशी पेल्यांचा आवाज झाला. पंचांचा चहा घेऊन आत्या उभी होती. किती वेळ उभी होती देव जाणे.

"शेवट मी केला," ती म्हणाली.

"आपण?" गुरुजी म्हणाले.

"मी मागे बसले होते. प्रभाकर थांबला, मी म्हटलं. येशूच्या नावाने, आमेन." तिने ट्रे टेबलावर ठेवला. "त्यात काय? वॉर्डात माणसं नेहमी अर्ध्यावर थांबायची. कुणाला दम लागायचा, कुणी जायचंच. तसं कुणाचं सोडता येतं का? पुरं करायला लागतं. पस्तीस वर्षांची सवय आहे."

गुरुजींना ते लगेच पटलं नाही. एकाने सुरू केलेली प्रार्थना दुसऱ्याने संपवली तर ती ग्राह्य धरावी का, असा मुद्दा त्यांनी काढला आणि दोघा पंचांनी त्यावर मतंही दिली. पाळकसाहेब हडकुळे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहाचा घोट घेतला. "गुरुजी, दर रविवारी मी एकटा प्रार्थना करतो आणि आमेन तुम्ही सगळे म्हणता. ती बाद असेल तर मी वीस वर्षं फुकट उभा राहिलोय." मग ते आत्याकडे वळले. "सिस्टर, आपण तिथे का जात होता?"

आत्याने जरा विचार केला. "तिथे विचारतात, कशा आहात म्हणून," ती म्हणाली. "तेवढंच. बाकी त्यांचं ते एक सूर्य, एक रस्ता, ते मला काही पटलं नाही. मला बारा मजल्यांच्या हॉस्पिटलात सुद्धा एकच डॉक्टर ठाऊक होता, ज्याचं नाव घेतलं की पेशंट शांत व्हायचा. पण साहेब, या मंडळीत मी सगळ्यांची नावं आणून देते. त्या यादीत माझं नाव कधी कुणी घेतलं नाही. त्या शनिवारी घेतलं, तेही तिथे."

सातजणांपैकी पाचजणांना तिने कधी ना कधी सुई टोचलेली होती. पाळकसाहेबांनी पत्रकाची घडी घातली. ठराव झाला नाही. कामकाजाच्या वहीत सविस्तर चर्चा झाली एवढंच लिहिलं गेलं. पत्रकातल्या "धर्मगुरू" या शब्दाबद्दल मात्र केंद्राला लेखी कळवावं असं पाळकसाहेबांनी आग्रहाने सांगितलं. "पंचाला बढती देण्याचा अधिकार त्यांना नाही," ते म्हणाले. शेवटी सभा प्रार्थनेने संपवायची होती. सगळ्यांच्या नजरा सवयीने पप्पांकडे गेल्या. "प्रभाकरराव नको," पाळकसाहेब म्हणाले. "घरी मटण आहे. थोरात गुरुजी, आपण करा, आणि थोडक्यात."

पुढच्या रविवारी आत्याने गुडघे दुखत असतानाही गुडघे टेकले आणि पप्पांनी तिला उठताना हात दिला. बिबवेवाडीला ती त्यानंतर आणखी दोनदा गेली, दीदींना सांगून आली, आणि मग गेली नाही. कारण विचारलं तर म्हणायची, खिचडीत मीठ कमी असतं. दीदी मात्र नाताळाला आमच्याकडे करंज्या खायला यायच्या आणि पप्पा त्यांच्याशी रस्ते आणि गाड्या यांवरून दर वर्षी तोच वाद घालायचे. कुणीच हरलं नाही. तसबीर आत्याने ट्रंकेत ठेवली, टाकून दिली नाही.

बदललं ते एवढंच की रोजच्या प्रार्थनेत खडकीच्या पुढे एक थांबा वाढला. खडकी झाली की पप्पा म्हणायचे, "आणि माझी बहीण सरला," आणि तिथेच थांबायचे. मग आत्या मिटल्या डोळ्यांनी म्हणायची, "येशूच्या नावाने, आमेन." एकदाही कुणी ठरवलं नव्हतं, पण पुढची अकरा वर्षं त्या घरात प्रार्थनेचा शेवट तीच करत आली. आई कुरकुरायची की आधीच उशीर, त्यात आता नवा थांबा.

आत्या गेली तेव्हा मी लग्न होऊन हडपसरला राहत होते. मातीचं आटोपून आम्ही घरी आलो, शेजारच्यांनी डाळभात आणून ठेवला होता. साडेसातला ताटं मांडली. पप्पांनी डोळे मिटले. गुलटेकडी, सॅलिसबरी पार्क, भवानी पेठ, सगळे आजारी एकेक करून झाले. खडकी झाली. आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. ते माणूस देवाकडे पोचलेलंच असतं, आता मागायचं काही उरत नाही, असं आम्ही मानतो, आणि पप्पांनी हे देवळात कितीदा तरी समजावून सांगितलेलं होतं. आयुष्यभर त्यांनी यात कुठलीच भेसळ चालू दिली नाही. तेव्हा खडकीनंतर त्यांनी सरळ शेवट करायचा. पण ते थांबले. नाव घेतलं नाही, पुढेही गेले नाहीत. नुसते थांबले, नेहमीच्या जागी, नेहमीइतका वेळ, आणि मग त्याहून जास्त. मी डोळे उघडून बघितलं. त्यांचा चेहरा आत्याच्या रिकाम्या खुर्चीकडे वळलेला होता आणि ते वाट बघत होते.

मग मी म्हटलं, "येशूच्या नावाने, आमेन."

पप्पांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला. त्या दिवशी आईने डाळ गरम केली नाही. आम्ही सगळे गारच जेवलो.